पहिली सफाई ज्याची, रायफल त्याची

दि. २ फेब्रुवारी

ती. आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

दूरध्वनीवर आपण माझे एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोहोचू देत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या मंगळवारी एक लांबट खोके घरपोच आले. त्यावर आपल्या धाकट्या बहिणीचे नाव होते. पोचपावतीवर तिचीच सही हवी, असा आणणाऱ्या इसमाचा आग्रह होता. ती चार महिन्यांपूर्वी वारली, असे मी त्यास सांगितले. त्यावर त्याने, मग बाई परत केव्हा भेटतील, असे विचारले. निश्चित सांगता येत नाही, असे उत्तर देऊन मी स्वतः सही केली.

खोक्यात रायफल आहे. नेमबाजीची, नवी, एकनळी. आजारी पडण्यापूर्वी तिने ती मागविली होती, आणि परवान्याच्या कागदांत वारस म्हणून माझे नावही घालून ठेवले होते. दोन्ही गोष्टी मला न सांगता. कायद्याच्या दृष्टीने सर्व ठीक आहे. वस्तूच्या दृष्टीने मात्र ती बोटभर जाड ग्रीसमध्ये बुडालेली असून, एखादा मासा तेलातून उचलावा तशी हातातून निसटते. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले आहे की पहिल्या वापरापूर्वी रायफल खोलून स्वच्छ करावी. कशी, ते लिहिलेले नाही.

वडिलांच्या मागे बंदूक-दुरुस्तीचे दुकान आपण एकहाती चालविता. मी आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकविले. त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही. शिवाय लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ‘या घरात बंदुकीचा विषय नको’ असे मी म्हटले होते. तिने तो शब्द तेहतीस वर्षे पाळला. दर रविवारी क्लबात जाई, परंतु घरी येऊन त्याविषयी अवाक्षर काढीत नसे. त्यामुळे नळी कोणती आणि दस्ता कोणता, एवढेच मला कळते, तेही आकारावरून.

तरी रायफल खोलण्याची रीत सविस्तर कळवावी. २६ तारखेपूर्वी ती चालू स्थितीत असणे आवश्यक आहे. कारण खाजगी आहे. २६ नंतर मला तिची गरज राहणार नाही.

बाकी क्षेम. सांत्वनाला येणाऱ्यांचा ओघ आटलेला नाही. परवा मोठे मामा येऊन, चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात, असे तिसऱ्यांदा म्हणाले. त्या न्यायाने आपण शतायुषी व्हाल, असे मी म्हणालो. त्यांनी ते शुभेच्छा म्हणून स्वीकारले.

घराची व बँकेची कागदपत्रे मी लावून, नावे घालून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेविली आहेत.

आपला विनम्र,
धाकटीचा यजमान


दि. ६ फेब्रुवारी

जावईबापू,

नमस्कार-चमत्कार सगळे पोचले असं समजा.

पत्र तीनदा वाचलं. सव्वीसला काय आहे? आणि ‘नंतर गरज राहणार नाही’ म्हणजे काय? कागदपत्रं वरच्या कप्प्यात कशाला? माणूस पत्रात असलं काही लिहितो का? तुम्हाला लिहिता येतं म्हणून काय वाट्टेल ते लिहायचं?

जाऊ दे. रीत विचारलीत, रीत सांगते.

आधी खिडकी उघडा. खाली जुनी चादर अंथरा, तुमच्या पांढऱ्या सदऱ्यांपैकी एकही अंगात नको. रायफल भिंतीकडे तोंड करून धरायची, बोल्ट, म्हणजे नळीमागचा मुठीचा सरकता दांडा, मागं ओढायचा आणि नळीच्या मागच्या तोंडात बोट घालून बघायचं, आत काही नाही ना. नवी असली तरी बघायचं. बाबा म्हणायचे, रिकामी बंदूकच जास्त माणसं मारते. मग बोल्ट अख्खा बाहेर काढायचा. दस्त्याचे खालचे दोन स्क्रू काढले की लाकूड वेगळं, लोखंड वेगळं. झालं. नळीत मागून गज घालायचा, पुढून नाही. पहिली चिंधी रॉकेलची, ती काळी निघेल. मग दुसरी, तिसरी, पांढरी निघेपर्यंत. मग कोरडी. मग तेलाचा एक थेंब. थेंब म्हणजे थेंब. तुम्ही तेल घातलेल्या बिजागऱ्या मी पाहिल्यात.

आता महत्त्वाचं. बोल्ट तुम्ही साफ करायचा नाही. तो पार्सलनं मला पाठवा. नव्या बोल्टाला आतून एक कड असते, ती घासून काढावी लागते. ते काम हाताचं आहे, पुस्तकाचं नाही. लगेच पाठवा. उद्याच.

आणि एक नियम ऐकून ठेवा. बाबांच्या दुकानात पहिली सफाई ज्याची, रायफल त्याची. गिऱ्हाईक कितीही बडं असो, बाबा नवी रायफल त्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, हात काळे कर, मग पैसे दे. धाकटीनं नवव्या वर्षी पहिली साफ केली होती, फ्रॉकनं. मार मिळाला फ्रॉकसाठी, रायफलीसाठी शाबासकी. तेव्हा जरा दमानं घ्या. एकदा सफाई केलीत की ती तुमची, मग सव्वीसनंतर नको म्हणून चालणार नाही.

जेवता का वेळेवर?

आक्का


दि. १२ फेब्रुवारी

ती. आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या आज्ञेनुसार बोल्ट ८ तारखेस पार्सलने रवाना केला. पावती जपून ठेविली आहे.

सफाईचा अहवाल पुढीलप्रमाणे. दस्त्याचे दोन स्क्रू निघाले. नळीतून एकूण सव्वीस चिंध्या गेल्या; पहिली डांबरासारखी, शेवटची जवळजवळ माझ्या सदऱ्यासारखी. (तो सदराच होता. जुनी फडकी संपली.) गज मागूनच घातला.

यापुढे माझ्याकडून थोडा अतिरेक झाला. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर रायफलीची एक आकृती आहे. तीत सर्व भाग सुटे करून हवेत तरंगत असल्यासारखे दाखविले असून प्रत्येकास क्रमांक दिला आहे. एकूण त्र्याण्णव. खोलण्याची परिसीमा तीच असावी, असे अनुमान काढून मी काम चालू ठेविले. ट्रिगरच्या पेटीचे झाकण उघडण्यास मी हातोडीचा अगदी सौम्य उपयोग केला. न्हाणीघराच्या खिडकीतील चिमट्यांचे पितळी भांडे रिकामे करून त्यात बारीक स्क्रू ठेविले आणि प्रत्येक भागास कागदाची चिठ्ठी डकविली. बोल्ट आपणाकडे असल्याने भाग ऐंशीच होते; त्यांपैकी एकोणऐंशी निघाले.

ऐंशीवा निघत असतानाच माझ्या चुलत वहिनी सांत्वनास आल्या. त्यांनी डोळे पुसले, चहा घेतला आणि घरात बाईमाणूस हवे, अशी प्रस्तावना करून आपल्या एका विधवा मावसबहिणीचे गुणवर्णन आरंभिले. ती फार शांत आहे, असे त्या सांगत असताना माझ्या हातातून ट्रिगरची स्प्रिंग सुटली आणि वहिनींच्या उजव्या कानाजवळून टेबलाच्या दिशेने गेली. वहिनींनी ते माझे उत्तर समजून अर्धा चहा टाकून प्रस्थान ठेविले.

स्प्रिंग सापडलेली नाही. कपाट व पलंग हलवून पाहिले; टेबल एकट्याने हलत नाही. त्यातून पुढील वस्तू मिळाल्या: माझा एक चष्मा, जो हरविल्याबद्दल मी एका विद्यार्थ्यावर संशय घेतला होता, तिच्या कानातली एक कुडी, आणि एक वाचनालयाचे पुस्तक, ज्याचे वाचनालय आता अस्तित्वात नाही.

एक गोष्ट लिहू की नको, असे वाटत होते. ग्रीस पुसताना हातांना जो वास लागला, तो मला ओळखीचा निघाला. रविवारी संध्याकाळी ती पानावर वाढीत असे, तेव्हा तिच्या बोटांना तो येत असे. इतकी वर्षे मी तो शिवणयंत्राच्या तेलाचा समजत होतो. आमच्याकडे शिवणयंत्र नाही.

बोल्ट २० तारखेपर्यंत मिळाल्यास सोयीचे होईल. २६ ही तारीख बदलण्याजोगी नाही.

आपला विनम्र,
धाकटीचा यजमान


दि. १५ फेब्रुवारी

जावईबापू,

ट्रिगरची पेटी उघडलीत? हातोडीनं? बाबांच्या दुकानात तीस-तीस वर्षं काढलेली माणसं त्या पेटीला हात लावताना तोंडातलं पान थुंकून यायची. जे भाग काढलेत ते सगळे, चिठ्ठ्यांसकट, डब्यात भरा आणि इकडे पाठवा. मी जुळवते. दस्त्याचे स्क्रूही पाठवा, त्यांचे आटे बघायचेत.

बोल्टाची कड अजून निघालेली नाही. फार चिवट आहे. वीसपर्यंत काही जमत नाही. सव्वीसलाही जमेलसं दिसत नाही. मार्चमध्ये बघू. एप्रिलमध्ये हवा चांगली असते, एप्रिलमध्ये तुम्हीच इकडे या आणि घेऊन जा. दुकानात वरची खोली रिकामी आहे. आठ दिवस राहा, महिना राहा. नुसते बसून राहिलात तरी चालेल, तशीही तुम्हाला त्याची सवय आहे.

तुमच्या शेजारच्या कंपाउंडरला मी फोन केला होता. सहज. अधूनमधून डोकावत जा म्हटलं. भला माणूस आहे, त्याला हाकलू नका.

आणि वहिनींचं बरं केलंत.

स्क्रू विसरू नका. सगळे.

आक्का


दि. १८ फेब्रुवारी

ती. आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

ट्रिगरचे सुटे भाग आजच पाठवीत आहे. स्क्रू पाठवीत नाही. त्याचे कारण खाली दिले आहे.

आपण प्रथम बोल्ट मागविलात, मग ट्रिगर, मग स्क्रू. हाच क्रम राहिला तर महिनाअखेर माझ्याकडे केवळ नळी उरेल व तिचा उपयोग पडद्याची दांडी म्हणून करावा लागेल. काल मी आमच्या गावातील बंदूकवाल्याकडे जाऊन नव्या बोल्टाच्या आतील कडेविषयी चौकशी केली. तो प्रथम हसला. नंतर, कड कोणी काढायला सांगितली, असे विचारले. मी आपले नाव सांगताच हसणे थांबवून म्हणाला, त्यांनी सांगितलं असेल तर काहीतरी कारण असेल.

कंपाउंडर चार दिवसांत सात वेळा आले. पहिल्यांदा साखर मागण्यास, दुसऱ्यांदा ती परत करण्यास. एकदा त्यांना मी पलंगाखाली पाहताना पाहिले. काल त्यांनी माझा वस्तरा उसना नेला. आक्का, त्या गृहस्थांना वीस वर्षे छातीपर्यंत दाढी आहे.

या सर्व विधानांवरून एकच निष्कर्ष निघतो, आणि तो मी उघड लिहितो, कारण आपण दोघेही तो उघड न लिहिता टपालावर बराच खर्च केला आहे. मी स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करीन, असे आपणास वाटते.

तसे काही नाही. माझ्यासारख्या माणसाला तसे करावयाचे असते तर त्याने आधी तीन प्रतींत अर्ज केला असता. शिवाय घरात एकही काडतूस नाही. ती क्लबाच्या कपाटात असतात आणि त्याची किल्ली सेक्रेटरींच्या कमरेला. तरीही खोटे लिहीत नाही. पहिल्या महिन्यात सकाळी उठण्यास कारण शोधावे लागे, आणि पुष्कळदा ते सापडत नसे. आता सापडले आहे. ते इतके क्षुद्र आहे की सांगण्याची लाज वाटते. म्हणूनच मी ‘खाजगी’ असा शब्द वापरला.

रायफल क्लबाचे अध्यक्ष आपणास ठाऊक असतील. तुमची धाकटी त्यांना ‘तोफखाना’ म्हणत असे. क्लबाचे सेक्रेटरी समाचाराला आले तेव्हा मला प्रथमच कळले की वार्षिक सामन्यात पन्नाशीपुढील गटात तिने त्यांना सलग नऊ वर्षे हरविले आणि नऊ चषक घरी आणले. (ते कोठे आहेत? मी घरात चषक नावाची वस्तू पाहिलेली नाही. आपणाकडे ठेविले आहेत काय?) यंदा त्या गटात दोनच नावे आहेत: तोफखाना आणि ती. तिचा अर्ज आजारपणाआधीच गेला होता, या नव्या रायफलीच्या क्रमांकासह. सामना २६ तारखेस आहे. ती नाही, म्हणजे एकही गोळी न झाडता चषक तोफखान्याला. आणि त्याला तेच हवे आहे, कारण, सेक्रेटरींनी खालच्या आवाजात सांगितले, त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असून तो कोणाला कळू देत नाही.

आता इस्पितळातील शेवटचा दिवस. तिने मला जवळ बोलाविले. मी वाकलो. तेहतीस वर्षांच्या संसारानंतर माणसाची काही अपेक्षा असते. ती म्हणाली, “तोफखान्याला कप असा फुकट मिळता कामा नये.” मग झोप लागली. तिच्याकडून मी ऐकलेले ते शेवटचे वाक्य.

मला तेव्हा राग आला होता. महिन्याभराने हसू आले. मग क्लबाची नियमावली मागवून वाचली. नियम चौदा: अर्जदार येऊ न शकल्यास त्याच्या घरातील परवानाधारक व्यक्ती, अर्जात नोंदविलेल्या रायफलीनेच, त्याच्या जागी उभी राहू शकते. मी जिंकणार नाही. मी गोळी झाडली तर ती जिल्ह्यात कोठेतरी पडेल, इतकेच सांगता येते. परंतु मी उभा राहिलो की तोफखान्यालाही उभे राहावे लागेल, आणि सर्वांसमोर झाडावे लागेल.

कागदपत्रे मी दर वर्षी फेब्रुवारीत लावतो.

बोल्ट पाठवा.

आपला,
धाकटीचा यजमान


दि. २० फेब्रुवारी

जावईबापू,

बोल्ट सोबत आहे. ट्रिगरची पेटी जुळवली आहे, नवी स्प्रिंग घातली आहे, आणि तिच्या झाकणावर लाल रंगानं ‘हात लावू नये’ असं तुमच्यासाठी लिहिलं आहे. पार्सल कुणाच्या हाती देत नाही, स्वतः बसस्टँडवर जाऊन चढवते.

बोल्टाला कड वगैरे काही नव्हती. मी त्याला हातही लावला नाही. दहा दिवस तो तांदळाच्या डब्यात होता आणि मी रोज सकाळी डबा उघडून तो आहे ना बघत होते. घरात काडतूस नसतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं या धंद्यात आहे. पण भीतीला परवाना लागत नाही. एक गेली. दुसऱ्याचं पत्र येतं, रायफल कशी खोलायची आणि सव्वीसनंतर गरज नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हीसुद्धा तर्कशास्त्र गुंडाळून ठेवलं असतंत.

तिचं ते वाक्य वाचून मी दुकानात एकटीच इतकी हसले की समोरचा न्हावी बघायला आला. मग रडले, तेव्हा तो परत गेला.

चषक माझ्याकडे नाहीत. मला वाटायचं तुमच्याकडे काचेच्या कपाटात मांडलेले असतील. एकदा विचारलं होतं, कुठे ठेवतेस गं, तर म्हणाली, रोज वापरात आहेत. मी म्हटलं थट्टा करतेय.

आता शिका. दस्ता खांद्याला असा टेकवा जसं कुणी कानात काही सांगतंय. श्वास घ्या, निम्मा सोडा, तिथंच थांबा. ट्रिगर ओढायचा नसतो, दाबत न्यायचा असतो. गोळी सुटली की तुम्हाला स्वतःला नवल वाटलं पाहिजे. तुम्हाला तसंही कशाचंही नवल वाटतं, तेव्हा ते जमेल.

तोफखान्याला मी ओळखते. एकदा दुकानात आला होता, नळी वाकडी आहे म्हणाला. बाबा म्हणाले, नळी सरळ आहे, मधे पोट येतंय. हरलात तरी चालेल, पण त्याला उभा करा.

आणि बाबांचा नियम विसरू नका. सव्वीस चिंध्या नि एक सदरा म्हणजे सफाई तुमचीच झाली. रायफल आता तुमची. धाकटीलाही तुम्ही असेच मिळाला होतात, नवेकोरे आणि डोक्यापासून पायापर्यंत ग्रीसमध्ये. तुमची पहिली सफाई तिनं केली. ती किती चिंध्यांत झाली ते तिनं मला सांगितलं होतं, पण तुम्हाला सांगणार नाही.

कंपाउंडरला म्हणावं वस्तरा परत कर.

आक्का


दि. २७ फेब्रुवारी

ती. आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

काल सामना झाला. निकाल प्रथम सांगतो, म्हणजे आपण मधली पाने चाळणार नाही. मी जिंकलो. एक विरुद्ध शून्य.

मैदान शहराबाहेर आहे. पत्र्याची शेड, समोर मातीचा उंच बांध, त्याच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची लक्ष्ये. चौथी जागा तिची, पाचवी तोफखान्याची. मला पाहून ते मोठ्याने म्हणाले की प्रोफेसरांनी उगाच त्रास घेतला, वहिनींच्या आठवणीखातर दोन मिनिटे उभे राहू आणि चहा घेऊ. मी नियम चौदा वाचून दाखविला. मग नियम पंधराही वाचला. त्याची गरज नव्हती, पण सर्वांचे लक्ष होते. त्यांना टोपी काढून रायफल घ्यावी लागली. टोपीखाली त्यांना फार घाम आला होता.

प्रत्येकी दहा गोळ्या. आपण सांगितल्याप्रमाणे श्वास निम्मा सोडला. पहिली गोळी सुटली तेव्हा मला इतके नवल वाटले की मी ‘क्षमा करा’ म्हणालो. बांधावर धूळ उडाली. नऊ वेळा धूळ उडालेली मी स्वतः पाहिली. एकदा उडाली नाही.

तोफखाना शेजारी सावकाश, ऐटीत, दहाही झाडून मोकळा झाला आणि प्रेक्षकांकडे पाहून मान हलविली.

सेक्रेटरींनी पुठ्ठे आणून टेबलावर ठेविले. पाचव्या जागेचा पुठ्ठा कोरा होता, माझ्या मागच्या बाकावरील विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेसारखा. चौथ्या जागेच्या, म्हणजे माझ्या, पुठ्ठ्यावर अकरा भोके होती. दहा एकमेकांना चिकटून, मधोमध. हात त्यांचा अजून उत्तम आहे हो. फक्त शेजारचे लक्ष्य दिसते.

मी पस्तीस वर्षे उभयापत्ती, म्हणजे दोन्हीकडून होणारी कोंडी, हा प्रकार फळ्यावर शिकविला. काल प्रथमच ती घाम पुसताना पाहिली. त्या दहा गोळ्या माझ्या, असे अध्यक्षांनी म्हणावे तर परक्या लक्ष्यावर झाडलेल्या गोळीला गुण नाही, आणि डोळ्यांचे बिंग फुटते. माझ्या नव्हेत म्हणावे तर पुठ्ठ्यावरील सर्वोत्तम दहा भोके पुठ्ठ्याच्या मालकाची. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “प्रोफेसर, तुमचा हात चांगला आहे.”

आणि माझ्या नावापुढे अठ्ठ्याण्णव गुण लिहिले गेले. क्लबाच्या इतिहासातील ते सर्वाधिक. तिच्याहून दोन जास्त.

ते मात्र मला चालण्यासारखे नव्हते. मी तेथेच बसून स्वतःच्या विजयाविरुद्ध हरकत लिहिली, दोन प्रतींत. झाडलेल्या गोळ्या दहा, त्यापैकी बांधात नऊ, सबब पुठ्ठ्यावर माझे भोक एक. कोणते, याविषयी वाद झाला नाही. खालच्या कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या कडेला, ज्याला एक गुण असतो, ते. जिंकणाऱ्याने हरकत घेण्याचा हा पहिलाच प्रसंग, असे सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी ती मान्य केली. एक विरुद्ध शून्य, आणि सर्वाधिक गुण पुन्हा तिचे.

तोफखान्याला मी बाजूला घेऊन कंपाउंडरांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मोतीबिंदूचे आता दहा मिनिटांचे काम आहे, असे सांगितले. त्यांनी पत्ता खिशात घातला. मग म्हणाले की नऊ वर्षे त्या बाईने त्यांना एकदाही हसून दाखविले नाही, फार सभ्य होती. ती घरी येऊन हसत असावी. मला वाटे, रविवारी तिचा मूड चांगला असतो.

आज सकाळी रायफल पुन्हा खोलली. या वेळी चारच भाग, लाल अक्षरांना स्पर्श न करता. चिंध्या सहा लागल्या. मग हे पत्र लिहावयास बसलो तर पेन वाळलेले. दुसरे घेण्यासाठी टेबलावरचे पेनांचे भांडे उपडे केले आणि त्यातून ट्रिगरची ती हरविलेली स्प्रिंग पडली.

भांडे हातात होतेच. तळाला शाईचा थर. रायफलीचे तेल उरले होते, त्याने पुसले. खाली अक्षरे निघाली. वर्ष, ‘पन्नाशीपुढील गट, प्रथम’, आणि तिचे नाव. आडनाव माझे. आक्का, या भांड्याला दोन कान आहेत. पेनांच्या भांड्याला दोन कान कोणी करीत नाही, एवढे अनुमान मला नऊ वर्षांत करता आले नाही.

त्यानंतर मी घरभर फिरलो. न्हाणीघरातील चिमट्यांचे भांडे, ज्यात मी स्क्रू ठेविले होते. मिठाचे. बटणांचे. खिडकीतील झाडाची कुंडी. रॉकेल मोजण्याचे माप, ज्याने मी तिचीच रायफल धुतली. दात घासण्याच्या ब्रशांचे. त्यात माझा ब्रश. आठवा वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावलेला. आणि नववा माझ्या या लिहिण्याच्या टेबलाच्या आखूड पायाखाली, उपडा. टेबल डुगडुगते अशी माझी तक्रार होती. एका सोमवारी ते थांबले. मी विचारले नाही.

विषय नको म्हटले होते मी. तिने विषय काढला नाही.

सगळे पुसले आणि जेथल्या तेथे परत ठेविले; टेबलाचा पाय उचलण्यास कंपाउंडरांची मदत झाली. ते वस्तरा घेऊन आले होते. फक्त चिमट्यांच्या भांड्यात आता चिंध्या आणि तेलाची बाटली आहे. एप्रिलमध्ये आपणाकडे येईन तेव्हा ते सोबत आणीन, व रायफलही, नीट शिकण्यासाठी.

दहावा चषक काचेच्या कपाटात ठेवावा, असे सेक्रेटरी म्हणाले. आमच्याकडे काचेचे कपाट नाही. आणि चिमटे पंधरा दिवस बादलीत पडून होते. ते त्यात भरून मी तो न्हाणीघराच्या खिडकीत ठेविला आहे.

रोज वापरात आहे.

आपला,
जावईबापू